लेन्स खराब नाही, अंतर चुकतंय
एम४२ लेन्स (जुनी, स्क्रूसारखी फिरवून बसवायची) निकॉनच्या डीएसएलआरवर दूरचं धूसर दाखवते म्हणून ती विकायला काढू नका. लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत तिला ४५.४६ मिमी अंतर लागतं. निकॉन एफ माउंटचंच (डीएसएलआरची लेन्स-बैठक) ४६.५ मिमी आहे, वर अडॅप्टरची जाडी; म्हणून लेन्स सेन्सरपासून जास्त लांब बसते आणि दूरचं फोकसमध्ये येत नाही. हे भरून काढणारा भिंगवाला अडॅप्टर मिळतो, पण त्यानं चित्राची धार जाते. मला तो अजिबात पटत नाही. मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर, हा प्रश्नच येत नाही. सोनी ई माउंटला १८ मिमीच लागतात, त्यामुळे उरलेलं अंतर भरायला साधी पोकळ नळी पुरते. फक्त मेनूत लेन्सशिवाय शटर चालू द्यायची परवानगी द्या. हेलिओस ४४-२ ही ५८ मिमीची एम४२ लेन्स असेल तर एफ/२ ला, म्हणजे छिद्र पूर्ण उघडं असताना, फोकस पीकिंगवर (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) विसंबू नका, व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मोठं करूनच फोकसची रिंग फिरवा. कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) असेल तर ५८ मिमी हा आकडा मेनूत हातानं भरा.