पीटर बिशप तुम्हाला कसा उलगडला? (अनुभव धागा)

'फ्रिंज' ही अमेरिकन विज्ञानकथा मालिका फॉक्स वाहिनीवर 9 सप्टेंबर 2008 ला सुरू झाली आणि 18 जानेवारी 2013 ला शंभराव्या भागावर संपली. इतकी वर्षं झाली, तरी ती पाहिलेली दोन माणसं भेटली की बोलणं फिरून तिच्यातल्या पीटरवरच येतं. तो आपल्या विश्वातला की पलीकडच्या समांतर विश्वातला? कुणाचा मुलगा? चौथ्या सीझनमध्ये परत येतो तो तोच का?

इथे सिद्धांतांपेक्षा अनुभव लिहा. हा गुंता तुमच्यासाठी कधी, कुठे, कुणाबरोबर सुटला? पाचही सीझन पाहिले नसतील तर कृपया इथेच थांबा, पुढे सगळं उघड होणार आहे.

सुरुवात मी करते. पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात एफबीआयची ऑलिव्हिया दुसऱ्या विश्वात पोचते आणि तिथे वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे शाबूत उभे दिसतात. सगळे त्या दृश्याबद्दल बोलतात. मी त्याच भागातल्या थडग्यापाशी अडकले. पीटरला वाढवणारा शास्त्रज्ञ वॉल्टर एका दगडासमोर उभा आहे आणि दगडावर लिहिलंय: पीटर बिशप, 1978–1985. मी ते तीन वेळा मागे नेऊन पाहिलं. हॉस्टेलवर सगळ्या झोपलेल्या, सांगायला कुणी नाही. पहाटेपर्यंत डोळा लागला नाही.

* * *

माझ्याकडे अजून ती दोनशे पानी वही आहे. आपलं विश्व निळ्या पेनाने, पलीकडचं लाल पेनाने. तिसऱ्या सीझनमध्ये मालिकेची नामावलीच एका आठवड्याला निळी आणि दुसऱ्या आठवड्याला लाल येऊ लागली, तेव्हा फार बरं वाटलं. चौथ्या सीझनला ती पिवळसर झाली आणि मी स्टेशनरीच्या दुकानात जाऊन तसलं पेन शोधून आणलं.

दुसऱ्यांदा पाहताना समजलं की धागा अगदी दुसऱ्या भागातच सोडलाय. वॉल्टर ऑलिव्हियाला हळूच विचारतो, पीटरच्या वैद्यकीय इतिहासाबद्दल कुणाला बोललीस का? ती म्हणते, फाइलमध्ये तसं काही नाहीच. पहिल्या वेळी मला ती वेड्या म्हाताऱ्याची बडबड वाटली होती. सतरा वर्षं मनोरुग्णालयात काढलेला माणूस, त्याचं कोण मनावर घेणार? पण पीटरविषयी तो जे जे अर्धवट बोलतो ते सगळं खरं निघतं.

'पीटर' नावाचा भाग (1 एप्रिल 2010) लागला तेव्हा वहीची सहा पानं भरली. 1985 साल, नामावलीसुद्धा त्या काळातली. पलीकडच्या थिएटरवर 'बॅक टू द फ्यूचर'ची पाटी आणि नायक म्हणून एरिक स्टोल्ट्झचं नाव! आपल्याकडे त्याला चित्रीकरण सुरू झाल्यावर काढून मायकेल जे. फॉक्सला घेतलं होतं. म्हणजे पलीकडे तो निर्णय झालाच नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच पकडलं. तो आनंद अजून ताजा आहे.

* * *

मी 'पीटर' हा भाग बाबांबरोबर पाहिला. बाबा साताऱ्याकडचे, निवृत्त शिक्षक. अमेरिकन उच्चार त्यांच्या कानाला पटकन लागत नाहीत, म्हणून मी थांबवून थांबवून मराठीत सांगत होते.

आपल्या वॉल्टरचा पीटर आजाराने जातो. वॉल्टरने पलीकडचं पाहायला एक खिडकी बनवलेली असते. तिथला वॉल्टर, आपण ज्याला वॉल्टरनेट म्हणतो तो, औषधाच्या अगदी जवळ पोचतो. नेमक्या त्या क्षणी सप्टेंबर, म्हणजे घटना नुसत्या पाहत राहणाऱ्या निरीक्षकांपैकी त्या नावाचा एक, प्रयोगशाळेत असतो, वॉल्टरनेटचं लक्ष विचलित होतं आणि औषध साधल्याचं त्याला दिसतच नाही. हे पाहणारा एकटा आपला वॉल्टर. तो औषध घेऊन पलीकडे जातो, ओलांडताना कुपी फुटते, म्हणून मुलालाच इकडे आणतो. परतताना रायडन तळ्याचा बर्फ फुटून दोघं पाण्यात पडतात आणि सप्टेंबर त्यांना बाहेर काढतो. बरा करून परत सोडायचं ठरलेलं असतं. पण वॉल्टरची बायको एलिझाबेथ मुलाला बघते, आणि तिथेच सगळं संपतं.

मी म्हटलं, "बाबा, वसुदेवासारखंच नाही का? पाण्यातून मूल पलीकडे नेलं, म्हणून ते जगलं."

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अगं, वसुदेवाने स्वतःचं मूल दिलं. ह्याने दुसऱ्याचं आणलं. आणि तू त्या मुलीला विसरलीस."

"कुठल्या?"

"यशोदेच्या. वसुदेव परत येताना तिला घेऊन आला ना? कंसाने तिला दगडावर आपटायला उचललं. देवी होती म्हणून निसटली, असं आपण सांगतो आणि पुढे कृष्णाकडे वळतो. पण यशोदेच्या कुशीतून एक पोर गेलीच की. तसं त्या पलीकडच्या घरात आता काय चाललं असेल? तिथल्या आईला वाटतंय, आपलाच नवरा मुलाला घेऊन गेलाय."

तोपर्यंत वॉल्टरनेट मला निव्वळ खलनायक वाटत होता. त्या रात्रीनंतर तसा कधीच वाटला नाही. पीटरचा भूतकाळ उलगडायचा तर सुरुवात त्याच्या रिकाम्या पलंगापासून करायला हवी, हे मला बाबांनी शिकवलं.

* * *

वरचं वाचून लिहायचं धाडस करतोय. मी दत्तक आहे. आईबाबांनी लपवलं नाही कधी, मला आठवीपासून माहीत आहे.

'सब्जेक्ट थर्टीन' या भागात छोटा पीटर सांगत राहतो की ही माझी आई नाही. मोठी माणसं त्याला समजावतात, तुला आजारपणामुळे असं वाटतंय. आणि तो बरोबर असतो! आपलं घर तळ्याखाली आहे असं वाटून तो गोठलेल्या तळ्यावर जातो. मला तिथे टीव्ही बंद करावा लागला. माझ्यापाशी खरं बोललं गेलं, त्याच्यापाशी नाही. फरक एवढाच, पण मालिकेतलं पुढचं अर्धं दुःख त्यातूनच आलंय असं मला वाटतं. नंतर एलिझाबेथ आत्महत्या करते, त्याचं मूळही मला त्या खोट्यातच दिसतं.

भाग संपल्यावर मी आईला फोन केला. काय बोललो ते इथे लिहीत नाही.

* * *

व्हँकूवरहून. दुसऱ्या सीझनपासून चित्रीकरण इथेच झालं, त्यामुळे 'बॉस्टन'मधले रस्ते ओळखीचे वाटायचे. एकाच रस्त्याला दोन शहरं समजायची सवय झाली, पीटरच्या गोष्टीला ते साजेसंच.

* * *

चौथ्या सीझनबद्दल माझं मत ठाम आहे: तो तोच पीटर आहे.

त्या सीझनमध्ये भूतकाळच बदललेला आहे: 1985 मध्ये सप्टेंबरने त्याला तळ्यातून काढलंच नाही, दोन्ही विश्वांतले पीटर लहानपणीच गेले. म्हणून आपला पीटर तळ्यातून वर येतो तेव्हा त्याला कुणीच ओळखत नाही. वॉल्टरसुद्धा त्याला दूर ठेवतो. मीही अर्धा सीझन पीटरसारखंच समजत होतो की ही परकी माणसं आहेत, त्याचं खरं घर दुसरीकडेच आहे. मग ऑलिव्हियाला ते आठवू लागतं जे तिच्या या आयुष्यात घडलंच नव्हतं, आणि सप्टेंबर त्याला सांगतो की तू घरीच आहेस. माझ्या तक्त्यात त्या दिवशी मी एक अख्खी रेघ खोडली. वेगळा रकाना लागतच नव्हता.

मित्राशी यावरून तीन महिने वाद चालला. त्याचं म्हणणं, मग जुन्या वॉल्टरचं काय, ज्याने याला वाढवलं? याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि हा प्रश्न मला अजून छळतो.

* * *

माझे वडील शेवटचा भाग येण्याआधी गेले. 'व्हाइट ट्यूलिप' हा भाग आम्ही एकत्र पाहिला होता. पीटरला पळवून आणल्याबद्दल क्षमा मिळाल्याची खूण म्हणून वॉल्टर देवाकडे पांढरं ट्यूलिप मागतो, आणि पाकिटातून ते चित्र त्याच्या हाती पडतं. पप्पा तेव्हा एवढंच म्हणाले होते, "मुलाला खरं कधी सांगणार हा?"

शेवटच्या भागात तेच चित्र पोस्टाने पीटरकडे येतं. तो पाकीट उघडतो, कागदाकडे पाहतो, मग मान वर करतो. पडदा काळा झाला आणि मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून मोठ्याने म्हणाले, "पप्पा, पोचलं."