मदत हवी आहे: सिम्युलेटरवर जमतं, मैदानावर लँडिंग फसतं

रिमोटवर उडणारं (आरसी) मॉडेल विमान शिकतोय; चार महिने रिअलफ्लाइट या संगणकावरच्या सिम्युलेटरवर रोज अर्धा तास सराव केलाय. स्वतःचाच ट्रान्समीटर यूएसबी डोंगलने जोडतो, मोड २ (थ्रॉटल डाव्या काठीवर), त्यामुळे बोटांची सवय तीच. विमान तोंड माझ्याकडे करून येताना एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखावरच्या पट्ट्या) उलटे वाटायचे, तो गोंधळ सिम्युलेटरने पार घालवला. त्याबद्दल तक्रार नाही.

पण खरं विमान उतरवता येत नाही. हाय-विंग (पंख वरच्या बाजूला असलेलं) फोमचं ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान आहे, पंख १.४ मीटर, चार चॅनेल. टेकऑफ, फेऱ्या ठीक. उतरताना मात्र उंची-अंतराचा अंदाजच येत नाही. तीनदा धावपट्टीच्या अलीकडे गवतात टेकलं, एकदा प्रॉपेलर गेला. (इथे रीसेटचं बटण नाही, हात थरथरतात, तेही आहेच.)

सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) तपासलाय, रेट (काठी हलवल्यावर विमान किती तीव्रतेने वळतं ते) कमी केलेत, सिम्युलेटरमध्ये आडवा वारा लावून आणि ऑटो-झूम (विमान लांब गेलं की दृश्य आपोआप मोठं होणं) बंद करूनही पाहिलं. मैदान ४० किमी लांब, महिन्यातून दोनच रविवार मिळतात. जवळपास शिकवणारं कोणी नाही, म्हणून बडी-बॉक्स (शिकवणाऱ्याचा ट्रान्समीटर आपल्या ट्रान्समीटरला जोडणं) सुचवू नका.

हा उंची-अंतराचा अंदाज सिम्युलेटरवर येऊ शकतो का, व्हीआर हेडसेटने कुणाला फरक पडलाय का, की त्या दोन रविवारी नुसत्या लँडिंगच्याच फेऱ्या माराव्यात?