एलसीडी मॉनिटरच्या इन्व्हर्टरमधला हिरवा पार्ट: फ्यूज की कॉइल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयात १७ इंची एलसीडी मॉनिटर आहे, जुन्या चौकोनी पडद्याचा. पुस्तकांच्या देवघेवीची नोंद त्यावरच होते. सुरू केला की चित्र येतं आणि दोनेक सेकंदांत पडदा काळा पडतो, पॉवरचा दिवा मात्र हिरवाच राहतो. तिरका टॉर्च मारला तर चित्र अंधुक दिसतं. म्हणजे मेन बोर्ड ठीक, बॅकलाइट (पडद्यामागचा उजेड) जातोय.

उघडल्यावर सप्लायमधले १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे दोन कपॅसिटर फुगलेले दिसले. त्याच मापाचे, १०५ अंशांचे, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले) बसवले. इन्व्हर्टरला, म्हणजे बॅकलाइटच्या नळ्यांना उच्च व्होल्टेज देणाऱ्या भागाला, जाणारे व्होल्ट आता स्थिर आहेत, पण दोष तसाच.

मग नीट पाहिलं, तर त्या दोन सेकंदांत पडदा फक्त खालच्या अंगाने उजळतो. आत बॅकलाइटच्या चार सीसीएफएल (बारीक फ्लुरोसंट) नळ्या आहेत, दोन वर, दोन खाली, आणि इन्व्हर्टरवर सारखे दोन ट्रान्सफॉर्मर. प्लग काढून, मोठा कपॅसिटर डिस्चार्ज करून, वरच्या नळ्या खालच्या ट्रान्सफॉर्मरला लावल्या. लगेच पेटल्या. तेव्हा नळ्या चांगल्या आहेत. वरचा ट्रान्सफॉर्मर चालवणारा भाग गेलाय, आणि एका बाजूचा करंट दिसत नाही म्हणून कंट्रोल आयसी सगळंच बंद करतो, असा माझा अंदाज आहे.

प्रत्येक ट्रान्सफॉर्मरपाशी दोन ट्रान्झिस्टर आहेत, वर सी५७०७ छापलंय. जपानी नंबरातलं सुरुवातीचं २एस पार्टवर छापत नाहीत, म्हणजे हा २एससी५७०७, एनपीएन. वरच्या जोडीत दोघांच्याही कलेक्टर-एमिटरमध्ये मीटर बीप देतो, खालच्या जोडीत देत नाही. पण जोडीतले दोन्ही कलेक्टर ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे एक शॉर्ट असला तरी दोन्ही शॉर्ट दिसतात. म्हणून काढून तपासले. एक शॉर्ट आहे, दुसरा मीटरवर चांगला दाखवतो.

अडलोय ते पुढे. सप्लायकडून या भागाकडे येणाऱ्या वाटेवर रेझिस्टरसारखा आडवा, हिरवा पार्ट आहे. वरच्या बाजूचा ओपन आहे, खालच्या बाजूचा जवळपास शून्य ओहम. रंगाच्या पट्ट्या नाहीत. बोर्डावरचं अक्षर तपकिरी पडलेल्या गोंदाखाली गेलंय, एफ (फ्यूज) आहे की एल (कॉइल) ते दिसत नाही. चांगल्या पार्टवर पुसट ३ दिसतो, पुढे बहुधा ए. मला तो पिको फ्यूज (रेझिस्टरसारखा दिसणारा छोटा फ्यूज) वाटतो. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आणि फ्यूज उडाला हे जुळतंही, शिवाय शेजारी ड्रमच्या आकाराची कॉइल वेगळी आहेच. तालुक्यातला दुकानदार मात्र छातीठोकपणे ही कॉइलच म्हणतो आणि तार जोडून टाका सांगतो. ते मला अजिबात पटत नाही. हा मॉनिटर दिवसभर चालू असतो, समोर बऱ्याचदा कुणी नसतं. पुन्हा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर बोर्ड जळायला वेळ लागणार नाही.

तर हा पार्ट नक्की काय आहे? फ्यूज असेल तर काचेचा ३ अँपिअरचा फ्यूज वायर काढून लावला तर चालेल का, की फास्ट-स्लो असा काही फरक पाहावा लागेल?

दुसरं, एकच ट्रान्झिस्टर बदलू की जोडी? माझा कल जोडीकडे आहे, कारण दुसऱ्यानेही तोच ताप सोसलाय. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सी५७०७ अस्सल मिळतो का? नसेल तर पर्यायी नंबर सांगा.

आणि वरच्या ट्रान्सफॉर्मरच्या, कलेक्टर जोडणाऱ्या वाइंडिंगला समांतर असलेला २२४ छापलेला फिल्म कपॅसिटर काढून मोजला, ०.२२ ऐवजी ०.१५ मायक्रोफॅरड भरला. व्हॅल्यू घटली की फ्रिक्वेन्सी वाढते. ट्रान्झिस्टर तापून जाण्याचं मूळ हेच असेल का? तसं असेल तर खालच्या बाजूचाही आत्ताच बदलतो.

एलईडी पट्टी बसवायचा सल्ला मिळालाय, पण नळ्या चांगल्या असताना पॅनल खोलायचं नाही. दोन्ही बाजूंचे फोटो खाली देतोय, हिरव्या पार्टवर बाण काढलाय.