बॅसिलिका म्हणजे मोठं चर्च का?

परवा जुन्या गोव्याला जाऊन आलो. बॉम जेझस बॅसिलिकेतून बाहेर पडून रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल, आणि आकाराने तेच मोठं! 'बॅसिलिका म्हणजे मोठं चर्च' ही माझी समजूत तिथेच कोसळली. मग नेमका अर्थ काय? शिवाय वेदीमागची ती छताला भिडलेली सोनेरी कोरीव भिंत, पिळाचे खांब, वर किरणांच्या मधोमध 'आयएचएस' ही येशूच्या नावाची अक्षरं... तिला मराठीत काय म्हणावं? घरी सांगताना मी 'मखर' म्हणून मोकळा झालो.

– बॅसिलिका हा मान आहे, पोपकडून मिळणारा. मुळात ग्रीक शब्द, 'राजाचं' अशा अर्थाचा. रोमन लोक न्यायनिवाड्याच्या आणि व्यापाराच्या लांबट सभागृहाला बॅसिलिका म्हणत. ख्रिस्ती लोकांनी चर्चसाठी तोच आराखडा उचलला. बॉम जेझसचं काम १५९४ मध्ये सुरू झालं, १६०५ मध्ये चर्च उपासनेसाठी खुलं झालं, पण बॅसिलिका ठरलं १९४६ मध्ये. भिंती त्याच, फक्त मान वाढला. त्यामुळे 'महामंदिर' वगैरे भाषांतराच्या फंदात पडू नये. कॅथेड्रल म्हणजे जिथे बिशपचं आसन ते. पोर्तुगीज 'से'चा अर्थही तोच, म्हणजे 'से कॅथेड्रल' हे आपलं पिवळं पीतांबर झालं!

– मखर नको, ते सण संपला की उतरवतात. प्रभावळ जवळची, पण ती एका मूर्तीपुरती. इथे जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांचा भलामोठा पुतळा, त्याखाली बाळ येशू, सगळं एकाच चौकटीत बसवलंय. मी 'वेदीपट' म्हणेन.

– 'वेदीपट' आवडला, वापरणार. आता आणखी एक. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं ते काय, थडगं की समाधी? खाली संगमरवराचा चौथरा, त्यावर काशाचे उठावशिल्पपट, आणि पार वर चांदीची पेटी. मान उंचावूनच बघावं लागतं.

– चौथरा आणि पेटी वेगळी काढा. चौथरा इटलीतल्या फ्लॉरेन्सचा, फोग्गिनी या शिल्पकाराचा. टस्कनीचा ड्यूक तिसरा कोसिमो याने दिलेला, १६९८ मध्ये इथे उभारला. पेटी त्याआधीची, गोव्यातल्याच कारागिरांची. चौथऱ्यासकट सगळ्याला 'समाधी' चालेल. पेटीला मात्र 'शवपेटी' म्हणवत नाही. खरं तर दर दहा वर्षांनी पेटीतल्या देहाचं दर्शन होतं त्याला 'शवप्रदर्शन' लिहितात, तेही मला खटकतं. भाविक ज्याच्यापुढे हात जोडतात त्याला शव कसं म्हणायचं? 'अवशेषदर्शन' बरं वाटतं का?

– 'अवशेष' म्हटलं की मला पडका किल्ला दिसतो.