जेलमध्ये नाटक बसवायचंय, गुन्हा स्टेजवर आणावा का?

आमच्या हौशी ग्रुपला शिक्षा भोगत असलेल्या लोकांसोबत तीन महिने नाटक बसवायची परवानगी मिळतेय. पण शेवटी प्रयोग होणार, साहेब लोक टाळ्या वाजवणार आणि दुसऱ्या दिवशी बराक तीच, हे मला फार खटकतंय. काही जण म्हणतात त्यांचाच गुन्हा दाखवा, पश्चात्ताप होईल. असं काम केलेल्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १
गुन्हा नको, निदान सुरुवातीला तरी. पोलीस, वकील, कोर्ट सगळीकडे सांगून ती गोष्ट पाठ झालेली असते, आणि ज्यांचं माणूस गेलंय त्यांना काय वाटेल याचाही विचार करा ना. काल्पनिक पात्र घ्या. इंग्लंडमधली गीस थिएटर कंपनी १९८७ पासून मुखवटे वापरून हे काम करते, मुखवटा म्हणजे चारचौघांत आणलेला आव, 'मला काय फरक पडतो' टाइप. मधेच सीन थांबवून पात्राला सांगतात, मुखवटा वर कर आणि आत काय चाललंय ते बोल. आम्ही हे करून पाहिलं, आधी सगळे हसले, मग एकजण मुखवटा वर करून कितीतरी वेळ नुसता उभा राहिला आणि म्हणाला, "घाबरलोय." बस. पाच तालमी झाल्या होत्या तोवर.

प्रतिसाद २
+१. ब्राझीलचा नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल याचं फोरम थिएटरपण बघा. सीनमधलं भांडण हाणामारीवर जायच्या आधी बघणाऱ्यांतला कुणीही "थांबा" म्हणतो, स्वतः त्या जागी उभा राहतो आणि वेगळं काहीतरी करून बघतो. कधीकधी तेही फसतं, मग परत. राग आल्यावर हात उचलायच्या आधी एक क्षण असतो हे भाषण देऊन कळत नाही हो, अंगाने करूनच कळतं.

प्रतिसाद ३
मला थोडं वेगळं वाटतं. सुधारणा सुधारणा करत नाटक कच्चं ठेवू नका, त्यांना ते लगेच कळतं. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या सॅन क्वेंटिन जेलमध्ये बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो' नाटकाचा प्रयोग झाला, तेही बाहेरच्या नटांनी केलेला, आणि त्यानंतर रिक क्लची नावाच्या जन्मठेपेच्या कैद्याने आतच नाटक सुरू केलं, सुटल्यावर आयुष्यभर तेच केलं. आणि प्रयोग झाल्यावर लगेच निघून येऊ नका, खरंच. पुढचे दोन आठवडे जा, तेव्हाच माणसं आतून सगळ्यात जास्त रिकामी होतात.

मूळ प्रश्नवाली
शेवटचं वाचून जरा हललेच. परवानगीच्या अर्जात प्रयोगानंतरचे दोन आठवडे आत्ताच घालतेय. मुखवटे आम्ही घरीच बनवले तर चालतील का? आत न्यायला काही अडचण?