बुरशीची नावं सारखी बदलायची थांबवा की राव!

दुकानदार_मामा (धागा काढणारे)
मी जिंतूर रोडला कृषी सेवा केंद्र चालवतो, अ‍ॅग्रीचं शिक्षणपण परभणीचंच. काल भाची नोट्स घेऊन आली, मामा एका पुस्तकात रायझोक्टोनिया बटाटिकोला लिहिलंय अन् दुसऱ्यात मॅक्रोफोमिना फॅझिओलिना, पेपरात काय लिहू? म्हणलं बाई दोन्ही एकच बुरशी, तपासणाऱ्यानं कोणतं पुस्तक वाचलंय तेवढं बघ. हे झालं जुनं दुखणं. नवीन ऐका. मोसंबीच्या मूळकुजीत सापडते ती आम्ही फ्युजॅरियम सोलानी म्हणून पाठ केली, तर 2015 ला एका गटानं फ्युजॅरियमचे तुकडे केले अन् सोलानीवाली अख्खी भावकी उचलून निओकॉस्मोस्पोरात नेऊन टाकली. त्याच्या आधी 2013 ला बऱ्याच शास्त्रज्ञांनी मिळून लिहून ठेवलं होतं की बाबांनो तोडू नका, शेतकरी डॉक्टर सगळ्यांना हेच नाव माहीत आहे. ऐकतंय कोण. 2021 ला परत दोन्ही पार्ट्या भिडल्या. अरे सातबाऱ्यावर नाव बदलायचं तरी आधी नोटीस निघते, इथं सकाळी उठून बघावं तर बुरशीचं आडनाव बदललेलं. माझं मत क्लिअर आहे, जे नाव रुळलंय ते राहू द्या.

सूक्ष्मदर्शी
मामा, पीएचडी करतोय म्हणून मध्ये तोंड घालतो, राग मानू नका. फेरफाराची नोंद इथंपण होते हो. 2013 पासून बुरशीचं नवीन नाव मायकोबँकसारख्या नोंदवहीत चढवून नंबर घेतल्याशिवाय ग्राह्यच धरत नाहीत. आणि नाव बदलणाऱ्यांनी तुमचं ओझं कमीपण केलंय ते सांगा ना. आधी नियमानंच एका बुरशीला दोन नावं चालायची, लिंगविरहित अवस्थेचं एक अन् लैंगिक अवस्थेचं दुसरं. आपल्या तुरीची मर (झाड वाळवणारा रोग) घ्या, बटलर साहेबानं 1910 ला फ्युजॅरियम उडम नाव दिलं, 1982 मध्ये त्याच बुरशीची दुसरी अवस्था जिबरेला इंडिका नावानं आली. आम्हाला दोन्ही पाठ करावी लागायची. 2011 ला मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये ठरलं, एक बुरशी एक नाव, अन् फ्युजॅरियम राहिलं. तुमच्या दुकानातल्या ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीचं दुसरं नाव हायपोक्रिया होतं, ते सोडून ट्रायकोडर्मा ठेवलं कारण लोकांना तेच माहीत. म्हणजे रुळलेल्या नावाचा विचार करतात.

दुकानदार_मामा
मग सोलानीच्या वेळी कुठं गेला विचार?

सूक्ष्मदर्शी
तिथं खरंच वाद आहे. सोलानीवाल्या बुरशींची फळं (बीजाणू तयार होतात ते बारीक गोळे) तांबडी-केशरी, जिबरेलावाल्यांची निळसर काळी, डीएनएतपण फांदी वेगळी दिसते. फांदी वेगळी आहे हे दोन्ही पार्ट्यांना मान्य. फक्त कुऱ्हाड कुठं घालायची यावर भांडण.

दुकानदार_मामा
म्हणजे शेवटी मतच झालं ना! मग शंभर वर्षांचं नाव मोडायचं कशाला?? उडम अन् हरभऱ्याच्या मरीची ऑक्सिस्पोरम दोन्हीकडं फ्युजॅरियमच राहिलेत म्हणून मी अजून गप आहे, उद्या तुरीलापण हात लावला तर माझं अर्धं दुकान परत शिकवावं लागंल.

बदनापूरचा_गडी
तुमच्या दोघांच्या भांडणात एक सांगू का. आमचा आजा ज्वारीत चार काण्या (कणसात काळी भुकटी करणारे रोग) सांगायचा, दाणे काणी, मोकळी काणी, लांब काणी, झिपरी काणी. पेरायच्या आधी बियाण्याला गंधक चोळायचा. तुमच्या शास्त्रज्ञांनी एकीला स्फॅसेलोथिका म्हणलं, एकीला टॉलिपोस्पोरियम म्हणलं, वर्षानुवर्षं घोळ घातला अन् मग चारीच्या चारी स्पोरिसोरियममधी आणून बसवल्या. म्हणजे काय? म्हणजे काणी!! आजा बिनशाळेचा तिथंच बसलेला व्हता 😄

सूक्ष्मदर्शी
दादा हे भारी निरीक्षण आहे, खरंच. हरभऱ्याची मर अन् तुरीची मर असं पिकावरून नाव पाडणं पण आम्ही करतोच, ऑक्सिस्पोरमच्या पुढं सायसेरिस लावतो ते दुसरं काय आहे, हरभऱ्यावरची एवढंच.

हळदीवाली_वसमत
आज्याचं कौतुक ठीक आहे पण गावातलं नाव दर वेळी बरोबर नसतं हां. आमच्याकडं हळदीची कंदकुज म्हणलं की सगळे एकच बुरशीनाशक ओततात. मी दोन वर्षं कार्बेन्डाझिम ओतलं, पैसे पाण्यात. नंतर कळलं की त्यातली पिथियम ही मुळात बुरशीच नाही, दिसायला धागे बुरशीसारखे पण नातं तपकिरी शेवाळाशी, अन् कार्बेन्डाझिम तिचं काही वाकडं करत नाही, तिला मेटालॅक्झिल लागतं. बाजरीच्या गोसावीचं पण तसंच, कणसाच्या जटा होतात तो. त्याला पण बियाण्याला मेटालॅक्झिलच चोळतात, गंधक नाही. मामा म्हणायलेत जुनं नाव राहू द्या, अहो जुनं राहिलं असतं तर या अजून बुरशीतच मोजल्या असत्या अन् मी अजून कार्बेन्डाझिमच ओतत बसले असते.

दुकानदार_मामा
ताई ती गोष्ट वेगळी. सजीवांचं राज्यच वेगळं निघालं, बुरशीच नाही म्हणाले, तर सांगा, आम्ही ऐकतो, कारण औषध बदलतं. निओकॉस्मोस्पोरानं माझं कोणतं औषध बदललं ते सांगा. एकपण नाही.

सूक्ष्मदर्शी
आज नाही बदललं, बरोबर.

बदनापूरचा_गडी
बरं ते जाऊ द्या, माझी तूर मरायली त्याचं बघा. बीएसएमआर 736 जात पेरली, आमच्या बदनापूरच्या संशोधन केंद्राचीच, मरीला टिकते म्हणून. दीड महिन्याची झाली, त्या मोठ्या पावसानंतर खालच्या अंगाला पाणी साचलं तिथली पटापट वाळायली. गावातल्या दुकानातून कार्बेन्डाझिम आणून आळवणी केली, काही फरक नाही. बियाणं बोगस निघालं वाटतं, तक्रार करणार हाय.

सूक्ष्मदर्शी
दादा थांबा, तक्रारीच्या आधी एक झाड उपटा. बुडाकडून खोड उभं चिरा, सालीखाली काळपट रेघ वर गेलेली दिसते का बघा. अन् जमिनीलगत खोडावर तपकिरी दबलेला डाग आहे का तेपण.

बदनापूरचा_गडी
आत्ता रानातून आलो. पाच झाडं चिरली. आत पांढरं स्वच्छ, रेघ बिघ काही नाही. खालून वीतभर वर खड्डा पडल्यावानी डाग हाय, दोन झाडं तिथंच मोडली हातात.

सूक्ष्मदर्शी
मग ही उडम नाही दादा. फायटोप्थोरा वाटतीय, ताईंच्या पिथियमची चुलत बहीण. 736 टिकते ती फ्युजॅरियमच्या मरीला, हिच्यापुढं टिकायचा वायदा तिनं केलाच नव्हता. पहिले पाणी काढून द्या, चर मारा. अन् दोन झाडं कृषी विज्ञान केंद्रात नेऊन दाखवा, नुसत्या वर्णनावर माझं ऐकू नका.

बदनापूरचा_गडी
म्हणजे बियाणं बरोबर अन् औषधच चुकलं?

दुकानदार_मामा
औषध चुकलं. गिऱ्हाईक "मर" म्हणालं की मीपण तोच पुडा देतो, खोटं कशाला बोलू. उद्यापासून आधी झाड आणा म्हणणार. पण निओकॉस्मोस्पोरा मी लिहिणार नाही म्हणजे नाही.