राहतं घर विकायचंय, दाखवायचं कसं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. बेळगावात शहापुरातलं आमचं कौलारू घर विकायला काढलंय. ई-खाता (घराचा ऑनलाइन मालमत्ता उतारा) वगैरे कागद तयार आहेत, त्याचं टेन्शन नाही. अडचण अशी की आम्ही पाचजण अजून तिथंच राहतोय. एजंट फोन करतो, "अर्ध्या तासात पार्टी घेऊन येतोय." तेव्हा सोप्यात दोरीवर ओले कपडे, कॉटखाली चार ट्रंका आणि सासऱ्यांच्या बंद मागाचं सामान! परवा तर सुकं बांगडं भाजत होते. आलेल्या बाईंनी पदर नाकाला लावला तो गेटाबाहेर जाईस्तोवर.

ट्रंका जावेकडे टिळकवाडीला हलवू म्हटलं, तर सासूबाई म्हणतात, "घर विकतोय गे, संसार न्हवे." त्यांचंही खरंच.

दुसरं, यंदाच्या पावसानं मागच्या भिंतीला फूटभर ओल चढलीय. आत्ताच रंग मारला तर पोपडे येतील, शिवाय लपवल्यासारखं वाटतं. भिंत सुकेपर्यंत थांबावं, की ओल सांगूनच दाखवावं? देवघरातले फोटो काढावेत का? राहतं घर विकलेल्यांनी सांगा, आधी काय हलवलंत? आणि अचानक येणाऱ्यांना वेळ कशी ठरवून दिलीत?